बीएमपी-२ की ब्रॅडली?

ऐरोलीच्या पुलावर गाडी अडकली की खाडीकडे बघून मला बीएमपी-२ आठवते, जवानांना लढाईत नेणारी सोव्हिएत चिलखती गाडी. सुमारे १४ टनांचं हे धूड पाण्यात ताशी ७ किलोमीटरने पोहतं, म्हणजे त्या घडीला आमच्यापेक्षा जोरात. अमेरिकेच्या तशाच ब्रॅडली गाडीलाही आधी कापडी पडदा उभारून पोहता यायचं. चिलखत वाढत गेलं आणि पोहणं सुटलं.

सोव्हिएतांनी बीएमपी-२ स्वस्तात, ढिगाने बनवली. आपल्याकडे ती ‘सारथ’ म्हणून मेदकच्या कारखान्यात तयार होते. २०२१ पासून आपल्या अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आणि मेदक एकाच सरकारी कंपनीत आहेत. ब्रॅडलीची कथा मात्र लांबलचक. काम १९६०च्या दशकात सुरू झालं, गाडी सैन्यात आली १९८१ मध्ये! त्यानंतरही खऱ्या दारूगोळ्याच्या चाचण्यांवरून पेंटागॉनमध्ये जुंपलीच. जेम्स बर्टन या हवाई दलाच्या कर्नलने चाचण्यांचा आग्रह सोडला नाही.

बीएमपीची मागची दारं उघडून बघा: दारं पोकळ, आत डिझेलची टाकी. जवान त्याच दारांतून उतरणार. अफगाणिस्तानच्या युद्धात सोव्हिएतांना बीएमपी-२ची ३० मिमी तोफ वर डोंगरकड्यांपर्यंत उचलता यायची हे खरं, पण सुरुंगांच्या धास्तीने जवान टपावर बसत. १९९१च्या आखाती युद्धात २० ब्रॅडली नष्ट झाल्या, त्यातल्या १७ स्वकीयांच्याच माऱ्याने. २०२४ च्या जानेवारीत युक्रेनमध्ये स्टेपोव्हेजवळ दोन ब्रॅडलींनी २५ मिमी तोफांनी रशियाचा टी-९० एम रणगाडा निकामी केला.

नदी ओलांडायची तर सारथ. आत बसायचं असेल तर मी ब्रॅडलीत बसेन.