बंबासाठी जळण घेताय? बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी की आंबा

वखारीत गेलं की चार ढीग दिसतात आणि आपण भाव विचारून स्वस्तातलं उचलतो, तिथंच फसतो. खरं तर नीट वाळलेलं असेल तर कुठल्याही लाकडातून किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते, साधारण साडेचार ते पाच हजार किलोकॅलरी. फरक पडतो तो ओलीचा आणि वजनाचा. म्हणून किलोवर घेणार असाल तर आधी ओल बघा, ट्रॉलीवर घेणार असाल तर जड लाकूड घ्या.

ट्रॉलीवर घ्यायचं तर बाभूळच. जाळ शांत, निखारा टिकाऊ, भाकरी मस्त भाजते, आणि रात्री राखेत झाकून ठेवलेला निखारा सकाळी फुंकर मारली की परत धगधगतो. फोडायला मात्र जीव जातो, त्यामुळे दोन पैसे जास्त गेले तरी वखारीतूनच फोडून आणा. वेडी बाभूळ पण जळायला तेवढीच चांगली, काटे सांभाळा फक्त.

सुबाभूळ फोडायला सोपी, राखही कमी, निखारा बाभळीइतका टिकत नाही पण नुसतं अंघोळीचं पाणी तापवायचं असेल तर काही अडत नाही.

निलगिरीत तेल असतं, भडकन पेटते आणि ठिणग्या उडवते, चुलीपाशी लहान पोरं बसत असतील तर नकोच. आणि ओली असतानाच फोडून वाळवा, वाळल्यावर कुऱ्हाडीला दाद देत नाही.

आंबा हलका, पटकन जळून जातो. शिवाय आंबा, चिंच, ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, परवानगीचं विचारून घ्या.

आता ओलीचं. मागच्या वर्षी आम्ही ताजं तोडलेलं स्वस्तात आणलं आणि आईचे डोळे महिनाभर चुरचुरत होते, फार वाईट वाटलं मला. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे १० किलोचे पैसे देऊन लाकूड मिळतं ५ किलो, आणि त्यातलंही थोडं ते पाणी आटवण्यातच जातं. दोन ढलप्या एकमेकांवर आपटून बघा, टणटण वाजल्या तर वाळलेल्या, थप्प आवाज आला तर ओल्या. टोकाला तडे गेलेले असले, साल सुटलेली असली तर बिनधास्त घ्या.

बिब्ब्याचं लाकूड ढिगात असेल तर बाजूला काढा, त्याचा धूर अंगावर उठतो. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे पण चुलीत घालू नका.

आम्ही यंदा चुलीला बाभूळ आणि बंबाला सुबाभूळ भरतोय, दोन्ही वाळलेली.