आय५ ३४७० साठी नवा एच६१ मदरबोर्ड घेतला, पैसे वसूल

बाबांच्या डेस्कटॉपचा बोर्ड गेला. प्रोसेसर इंटेलचा थर्ड जनरेशनचा आय५ ३४७०, रॅम आठ जीबी डीडीआर३, दोन्ही ठणठणीत. ज्याला विचारावं तो म्हणतो जुनं झालंय, नवीन पीसीच घ्या. अहो पण बँकेची कामं, सोसायटीची पत्रं आणि यूट्यूब, एवढ्यासाठी कशाला नवीन? लॅमिंग्टन रोडवर लोकल ब्रँडचा नवा एच६१ चिपसेटचा बोर्ड तीन हजारांच्या आत मिळाला आणि पीसी मस्त चालतोय.

घेताना सगळ्यात आधी सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, बघा. ३४७० ला एलजीए ११५५च लागतो, त्यात सेकंड आणि थर्ड जनरेशन दोन्ही बसतात, पण ११५६ फर्स्टचा आणि ११५० फोर्थचा, लांबून सगळे सारखेच दिसतात पण खाचा वेगळ्या, बसणारच नाही. आणि सेकंडहँड घेणार असाल तर जास्तच सांभाळून, कारण २०११ च्या बऱ्याच एच६१ बोर्डांना बायोस (बोर्डमधलंच पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय थर्ड जनरेशन ओळखताच येत नाही आणि तो अपडेट करायला बहुतेक वेळा सेकंड जनरेशनचाच प्रोसेसर लावावा लागतो, आता तो कुठून आणायचा! शिवाय यात पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, एकदम बारीक. पैसे द्यायच्या आधी दुकानातच मोबाईलचा टॉर्च तिरका मारून बघा, सगळ्या ओळीत सारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी जरी वाकडी दिसली तरी तो बोर्ड नको.

जुना कूलर तसाच बसला, थर्मल पेस्ट तेवढी नवीन लावली.

कमी काय? एच६१ चे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायचे, ३ जीबीपीएसचेच, त्यामुळे एसएसडी पूर्ण स्पीड देत नाही, तरी हार्डडिस्कपेक्षा कितीतरी फास्ट. रॅमचे स्लॉट दोनच, १६ जीबीच्या वर जाता येत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, बाबांना काही अडत नाही.

गेमिंग, एडिटिंग करणाऱ्यांनी यात पैसे घालू नका. डेल, एचपीचा ब्रँडेड पीसी असेल तर आधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायचे आणि पुढच्या बटणाच्या वायरींचे कनेक्टर बघा, बऱ्याच मॉडेलांत ते वेगळे असतात आणि साधा बोर्ड बसत नाही. बाकी असेंबल पीसीवाल्यांनी बिनधास्त घ्या, फक्त बिलावर बोर्डचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच विचारतात.