अकिलीस टेंडनसाठी पीआरपी: सहा महिन्यांनंतर

टाचेच्या दोन-तीन बोटं वर, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनवर जाडसर गाठ, चिमटीत धरली की कळ. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर रोज धावणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सने भरलेला प्लाझ्मा, टोचून घेऊन सहा महिने झाले. गाठ अजून हाताला लागते, पण सकाळी उठल्यावर अर्धा तास राहणारा ताठरपणा दोन-तीन मिनिटांवर आलाय. श्रेय सुईपेक्षा पायरीवरच्या व्यायामाला जास्त.

प्रक्रिया छोटी आहे. ३० मिली रक्त, गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेट्सचा भाग वेगळा काढतात, हाती येतं ३-४ मिली. सुई सोनोग्राफीत बघतच घालायला हवी. अंदाजाने टोचणाऱ्याकडे जाऊ नका. भूल कातडीपुरतीच, प्लाझ्मात मिसळायची नाही. प्लेटलेट्स रक्ताच्या किती पट झाल्या हेही विचारा, ३ ते ५ पट तरी हव्यात. इथे तो आकडा मागूनही मिळाला नाही, ही मोठी उणीव.

आधी आठवडाभर आणि नंतर किमान दोन आठवडे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बंद. ठणक्याला पॅरासिटामॉल. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनाने थांबवू नका. पहिले दोन-तीन दिवस पाय टेकवत नाही, त्याने घाबरायचं कारण नाही.

मग पायरी. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एकट्या पायाने सावकाश खाली, परत वर येताना चांगल्या पायाचा आधार. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, वाकवून ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं वाटलं की पाठीवर सॅकमध्ये वजन. दुखणं टाचेच्या हाडालाच असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा. खाली नेली की टेंडन हाडावर दाबला जातो.

बिघडतं ते चौथ्या आठवड्यात. कळ कमी होते आणि माणूस थेट पांडवलेणीच्या पायऱ्या गाठतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा वाढला, तर आदला भार जास्त झाला असं धरून एक पाऊल मागे या.

पैसे भरण्यापूर्वी एवढं माहीत असू द्या: २०१० साली नेदरलँड्समधल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना पीआरपी, अर्ध्यांना नुसतं सलाईन टोचलं आणि सगळ्यांकडून हाच व्यायाम करून घेतला. २४ आठवड्यांनी दोन गटांत फरक दिसला नाही. म्हणून आधी १२ आठवडे पायरी नेटाने करा, सुईचं नंतर बघा.