पत्रकार दिनाची सन्मानचिन्हं: संपादकाला नेमकं काय द्यावं?

जानेवारी उजाडला की तालुक्याच्या गावातल्या मोमेंटोवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं म्हणून तो पत्रकार दिन, आणि रोटरी क्लबांत जानेवारी हा व्यवसाय सेवेचा महिना. दोन्ही निमित्तं जुळली की स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकाचा सत्कार ओघानंच येतो. शाल-श्रीफळात निवडण्यासारखं फार नसतं. घोळ होतो सन्मानचिन्हात, कारण ज्याची हयात प्रुफं तपासण्यात गेली त्याच्याच हातात ते द्यायचं असतं. म्हणून बाजारातल्या चारही प्रकारांची ही पारख अक्षरांवरून केली आहे.

एमडीएफवरचं (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीवरचं) सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं उतरवलेली छपाई, सगळ्यात स्वस्त आणि लगेच मिळणारं. पांढरा लेप दिलेल्या फळीवर छापील कागद पालथा ठेवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दाबतात. फोटो झकास येतो, अक्षरांचं मात्र नशीब! प्रेस जरा जास्त वेळ दाबला गेला की शाई पसरते, शिरोरेषा जाड होते आणि बारीक टायपातल्या वेलांट्या बुजतात. फळीच्या कडा उघड्या असतील तर कोकणातल्या पावसाळ्यात त्या फुगतात. शाळेच्या बक्षीस समारंभाला ठीक आहे, सत्कारमूर्तीला नको.

ॲक्रिलिक घ्यायचं तर ५ मिमीपेक्षा पातळ नको. पारदर्शक पाटीवर लेझरनं कोरलेली अक्षरं दुधी दिसतात. मागे गडद रंग असेल तरच ती वाचता येतात. व्यासपीठावरच्या पांढऱ्या फ्लेक्ससमोर पाटी धरली की फोटोत नुसती काच येते. त्यापेक्षा अक्षरांखाली पांढऱ्या शाईचा थर देऊन केलेली यूव्ही छपाई (अतिनील प्रकाशानं शाई सुकवणारी) बरी. घेताना बैठकीचा सांधा उजेडात धरून बघा. इन्स्टंट गोंदानं चिकटवलं असेल तर सांध्याभोवती पांढरट पट्टा उमटतो, क्लोरोफॉर्मनं जोडलेलं स्वच्छ राहतं. स्पिरिटनं मात्र पुसू नका, लेझरनं कापलेल्या कडांना बारीक तडे जातात. ओलसर मऊ फडकं पुरतं.

सागवानी फळी आणि पितळी पट्टी दिसायला भारदस्त, पण पट्टीवर नाव, हुद्दा, क्लब आणि तारीख यापलीकडे काही मावत नाही. सागवान म्हणून पुष्कळदा विनियरच (वरून चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा) गळ्यात मारतात, तेव्हा फळी उलटी करून मागची बाजू आणि कडा बघा. पट्टीला लॅकर (पारदर्शक लेप) नसेल तर पितळ काळवंडतं. असेल तर भांड्यांच्या पावडरीनं घासू नये, लॅकर निघून जातं.

आमची पसंती साध्या चौकटीतल्या कागदी मानपत्राला. ए-४ आकार, ३०० जीएसएमचा जाड मोतिया कागद, काळी अक्षरं, १६ पॉइंट. अध्यक्ष-सचिवांच्या खऱ्या शाईच्या सह्या फक्त यावरच सरळ करता येतात, आणि उद्या काच फुटली तर गावातला कोणताही फ्रेमवाला बदलून देतो. एकच अट: कागद आणि काच यांच्यामध्ये माउंटची (पुठ्ठ्याच्या आतल्या चौकटीची) पट्टी हवीच. ती वाचवली की दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना अक्षरांसकट निघतो.

आता मजकूर. बहुतेक सत्कार इथेच फसतात. क्लबचा सचिव व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या मराठी टायपात, मजकूर पाठवतो. दुकानातला ऑपरेटर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत, श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करतो. मजकूर जसाच्या तसा चिकटवला तर पहिली वेलांटी अक्षर सोडून पुढे जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. कन्व्हर्टरमधून काढला तरी ‘लिहिणाऱ्या’चं ‘लिहिणार्या’ होतं आणि ‘प्रसिद्ध’मधला द्ध पाय मोडून उभा राहतो. म्हणून अक्षरांचे कर्व्ह केल्यानंतरचं (फॉन्टच्या अक्षरांची रेषाकृती केल्यानंतरचं) प्रूफ मागवा, आधीचं नको. ते साध्या कागदावर मूळ आकारात छापून, ज्यानं मजकूर लिहिला नाही अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. फोनच्या पडद्यावर बघून ‘ओके’चा अंगठा दाखवणं म्हणजे चूक स्वतःच्या सहीनं मंजूर करणं.

नाव आणि हुद्दा ऐकीव माहितीवर लिहू नये. अंकातली प्रिंटलाइन काढा. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण ते तिथे लिहिलेलं असतं. एकच व्यक्ती चारही असेल तर तसंच लिहा, कारण छोट्या गावात तेच तर मोठं काम आहे. पत्राचं नाव मास्टहेडवर (पहिल्या पानाच्या माथ्यावर)  आहे त्याच शुद्धलेखनात. ‘जांभेकर जयंतीनिमित्त’ टाळा. त्यांच्या जन्मतारखेबद्दल मतभेद आहेत, ‘पत्रकार दिनानिमित्त’ पुरेसं आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, तेव्हा अध्यक्षांच्या नावाखाली ‘२०२५-२६’सारखं जोडवर्ष हवं. रोटरीच्या बोधचिन्हातल्या चक्राला २४ दाते, ६ आरे आणि मधल्या भोकाला चावीची खाच असते. दुकानदाराकडच्या जुन्या फाइलीत खाच गायब असेल तर क्लबनं आपली फाइल द्यावी.

मानपत्र व्यासपीठावर वाचायचं असतं, तेव्हा १५० शब्दांच्या पुढे जाऊ नये. ‘निर्भीड’, ‘निःपक्ष’ आणि ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ या तिघांना रजा द्या (‘निःपक्ष’चा विसर्ग तसाही छपाईत हरवतोच). त्याऐवजी साप्ताहिक कोणत्या साली निघालं, पाणीटंचाईत किंवा एसटीच्या बंद फेरीसाठी त्यानं काय लावून धरलं, हे दोन वाक्यांत लिहा. फोटो घालायचाच तर मूळ फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. पूर्ण ए-४ ला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, कोपऱ्यातल्या दोन इंची फोटोला ६०० पिक्सेल रुंदी भागते.

ऑर्डर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात द्या. ४ जानेवारीला गेलात तर प्रूफ बघायला वेळ उरत नाही आणि हाती तयार एमडीएफच पडतं. मानपत्राच्या दोन प्रती बिनसहीच्या जास्तीच्या छापून घ्या, सहीची शाई फिसकटते.