ठाण्यात ट्रेकचं सामान भाड्याने: हर की दून करून आल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. नौपाड्यातलं हे दुकान पहिल्या मजल्यावर आहे, खाली झेरॉक्सवाला, बोर्ड छोटासा, मी दोनदा पुढे निघून गेले होते. इथून दोन रकसॅक, दोन स्लीपिंग बॅगा, मॅट, टेन्ट आणि काठ्या असं सगळं दहा दिवसांसाठी घेतलं आणि मी आणि माझी नणंद ऑक्टोबरच्या शेवटी उत्तराखंडला हर की दून या दरीचा ट्रेक करून आलो. खेचर नाही, पोर्टर नाही, सांकरी गावातला एक गाईड सोबत होता पण बॅग आपापल्या पाठीवर.

आता हे का महत्त्वाचं ते सांगते. मागच्या वर्षी मी खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगडला गेले होते, ऑनलाईन मागवलेली 70 लिटरची बॅग घेऊन, दिसायला एकदम भारी. तोलार खिंडीत पोचेपर्यंत उजवा हात कोपरापासून खाली बधीर झाला आणि रात्री गडावर जेवताना मला एका हाताने भाकरी तोडता येत नव्हती. केदारेश्वरच्या गुहेपाशी सगळे फोटो काढत होते आणि मी खांदा चोळत बसले होते. तेव्हा वाटलं आपलं वय झालं, चव्वेचाळीस, आता बास. घरी पण सगळे तेच म्हणाले. पण वयाचा काही संबंध नव्हता, बॅग माझ्या पाठीची नव्हती, आणि हे मला या दुकानात कळलं.

दुकानातल्या मुलाने बॅगा दाखवायच्या आधी टेप काढली. मला मान खाली घालायला सांगितली, मग मानेमागे जे हाड वर येतं तिथे टेपचं टोक धरायला नणंदेला सांगितलं, स्वतः हात लावला नाही, हे मला फार बरं वाटलं. तिथून सरळ खाली, कमरेवर दोन्ही हात ठेवले की अंगठे जिथे येतात तिथपर्यंत. 41 सेंटीमीटर भरलं. म्हणाला, ताई तुमची उंची चांगली आहे पण पाठ आखूड आहे, मोठ्या पाठीची बॅग घेतली की बेल्ट कमरेच्या हाडाच्या खाली जातो आणि सगळं वजन खांद्यावर लटकतं. हरिश्चंद्रगडला अगदी हेच झालं होतं आणि मी त्याला अजून काही सांगितलं पण नव्हतं.

मग त्याने दोन-दोन लिटरच्या सहा बाटल्या पाण्याने भरून बॅगेत टाकल्या, म्हणजे बारा किलो, आणि म्हणाला गच्चीवर जाऊन या. चार मजले! पहिली बॅग दुसऱ्या मजल्यावरच नको झाली. दुसरीचा बेल्ट घसरत होता. तिसरी 50 लिटरची, लहान पाठीची, राखाडी, एका कडेला जाड दोऱ्याने शिवलेली, दिसायला काहीच नाही. ती त्याने स्वतः क्रम सांगून घालायला लावली, आधी कमरेचा बेल्ट हाडावर घट्ट, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून बॅगेकडे जाणाऱ्या त्या छोट्या पट्ट्या, आणि छातीची क्लिप सगळ्यात शेवटी. गच्चीवर पोचल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली माझी दोन बोटं आरामात जात होती, वजन सगळं कमरेवर. मी तिथेच उभी राहून नणंदेला हाक मारली की बघ गं, खांदे मोकळे आहेत.

शिवाय आम्हाला बॅग भरायला पण शिकवलं, जड सामान पाठीला चिकटून मध्यावर, स्लीपिंग बॅग तळाला. आणि एकूण वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ द्यायचं नाही. माझं वजन 58, त्यामुळे बारा किलोच्या आत बसवताना बरंच काही काढून ठेवावं लागलं, दोन जोडी कपडे आणि आईने दिलेला चिवड्याचा मोठा डबा सुद्धा. नंतर तीन आठवडे तेच वजन घेऊन पहाटे उपवनहून येऊरला चढलो.

हर की दून गोविंद नॅशनल पार्कमध्ये येतं. सांकरी साधारण 1,950 मीटरवर आणि वर हर की दून 3,566, चालणं बरंचसं सुपिन नदीच्या कडेने. वाटेतल्या ओसला गावाच्या पुढचा दिवस खरा कस काढणारा, चढ संपला वाटतं आणि वळणावर पुढचा दिसतो, श्वास पुरत नाही, दहा पावलं आणि थांबा. पाय दुखले, मांड्या पेटल्या, पण हात एकदाही बधीर झाला नाही. वर पोचल्यावर समोर स्वर्गारोहिणी शिखर दिसलं तेव्हा मी बॅग न काढताच पाच मिनिटं उभी होते, काढायची घाई वाटली नाही म्हणून.

स्लीपिंग बॅगेबद्दल पण लिहिते कारण इथे बरेच जण फसतात. टॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट म्हणजे जितक्या थंडीत आरामात झोप लागते तो आणि लिमिट म्हणजे जितक्या थंडीत कशीबशी निभावते तो. लिमिटचा आकडा पुरुषांच्या हिशोबाने, तो पण अंग आखडून झोपलेल्या, बायकांनी कम्फर्टचाच बघायचा. मी आधी मोठ्या अक्षरातला उणे आठ बघून खूश होते, त्याने ती बाजूला ठेवून कम्फर्ट उणे पाचवाली दिली, आणि मॅट घ्याच म्हणाला कारण अंगाखाली दबलेलं बॅगेतलं भरण गरम ठेवत नाही. सकाळी टेन्टबाहेर ठेवलेल्या बाटलीत बर्फ होता आणि आम्ही दोघी व्यवस्थित झोपलो होतो.

आता तो अर्धा स्टार. रेन कव्हर मोठ्या बॅगेचं दिलं होतं. परतीच्या वाटेवर पाऊस लागला तर ते वाऱ्याने फुगत होतं, खालून पाणी शिरलं आणि कोरडे मोजे भिजले. त्या थंडीत ओले मोजे म्हणजे छोटी गोष्ट नाही. सामान परत करताना सांगितलं तर अरे हो, चुकून गेलं म्हणाला आणि वहीत लिहून ठेवलं, पण एवढं बारीक बघणाऱ्या दुकानात हे व्हायला नको होतं. तुम्ही घ्याल तेव्हा कव्हर तिथेच बॅगेवर चढवून बघा. डिपॉझिट मात्र पूर्ण परत मिळालं, त्याच दिवशी.

रविवारी जाऊ नका, फार गर्दी असते आणि मग जिन्यावर चालवून बघायला त्याला वेळच मिळत नाही. लहान पाठीच्या बॅगा फक्त तीनच आहेत, दिवाळीच्या सुट्टीत लागणार असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवा. राखाडीवाली मिळाली तर तीच घ्या.