लोहगावला उतरून सेल्फ ड्राइव्ह घ्यावी का?

मुक्काम कोथरूडला, कामं डेक्कन-शिवाजीनगरला आणि फार तर रविवारी सिंहगड, एवढाच बेत असेल तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावर सेल्फ ड्राइव्ह, म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची गाडी, घेऊ नका. गाडी उभी असली तरी भाडं चालूच राहतं, आणि पुण्यात गाडी चालवण्यापेक्षा उभी करणं जास्त अवघड. पेठांमध्ये पी-१ पाटीच्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम. पाटी झाडाआड दडलेली, टोइंगवाले मात्र वेळेवर हजर. शहरापुरती रिक्षा आहे, वनाझ ते रामवाडी मेट्रो आहे आणि विमानतळाबाहेर एअरोमॉल या पार्किंगच्या इमारतीतून कॅब मिळते. विषय संपला.

घाटाकडे निघालात की हिशेब फिरतो. महाबळेश्वरला जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साधारण ३१० किलोमीटर होतात. घाटामुळे १४ चं ॲव्हरेज धरा, म्हणजे २२ लिटर पेट्रोल; लिटरला १०४ रुपये धरले तर २,३०० च्या आत-बाहेर. त्यात दोन दिवसांचं भाडं आणि खेड-शिवापूरचा टोल मिळवा. ड्रायव्हरसकट गाडी केलीत तर दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे पैसे लावतात. म्हणजे फिरलात ३१०, मोजलेत ५००-६०० चे, वर ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता. मुक्कामाच्या सहलीला सेल्फ ड्राइव्ह स्वस्त पडते ती यामुळे. उलट शिरडीला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असेल तर अंतर साडेतीनशेच्या पुढे जातं, किमान किलोमीटर पुरेपूर वसूल होतात आणि येताना मागच्या सीटवर झोपताही येतं. तिथे ड्रायव्हरची गाडीच बरी.

घ्यायचं ठरलं की आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्याने चालवायला देण्यासाठी नोंदवलेली गाडी. पांढऱ्या पाटीची कोणाची तरी घरची गाडी ॲपवर दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त दिसते, पण खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने दिलेला वापर बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. दोन-तीनशे वाचवायची ही जागा नव्हे.

बुकिंगची वेळ विमान उतरण्याच्या वेळेची टाकू नका. बॅगा येईपर्यंत आणि एअरोमॉलपर्यंत चालत जाईपर्यंत मीटर पळत असतो. तासभर पुढची वेळ घ्या. रात्री बाराला उतरत असाल तर सकाळीच गाडी घ्या. सात-आठ तास ती सोसायटीच्या गेटबाहेर उभी ठेवण्याचं भाडं कशाला?

खरी गडबड ताबा घेताना होते. गाडी बहुतेकदा पार्किंगमध्येच हाती देतात. उजेड कमी, पार्किंगचं तिकीट चालू, आणि गाडी घेऊन आलेला मुलगा ‘सर, ॲपवर चार फोटो टाका की झालं’ म्हणत घाई करतो. चार फोटोंत काही येत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही रिम, काचेवरचे टिचके, पुढच्या बंपरची खालची कड (फोन जमिनीलगत धरून), सीटवरचे डाग, डिकीतली स्टेपनी, जॅक आणि पाना. शेवटी इंजिन चालू करून किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि पेटून राहिलेले इशाऱ्याचे दिवे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ म्हणजे टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा झिजलेला टायर असेल तर गाडी बदलून मागा, पावसाळ्यात तर हटून बसा.

मॅन्युअल गाडी असेल तर क्लच तिथेच तपासा. मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक. घुमत राहिलं तर प्लेट घसरतेय. अशी गाडी महाबळेश्वरच्या वाटेवरच्या पसरणीच्या घाटात वास मारू लागेल आणि बिल तुमच्या नावावर निघेल, कारण क्लचची झीज विम्यात येत नाही. बहुतेक करारांत टायर, रिम, गाडीची खालची बाजू आणि हरवलेली किल्लीही ‘डॅमेज कव्हर’च्या बाहेर असते. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि एंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च साध्या विम्यातही बसत नाही.

फास्टॅग मालकाच्या नावाचा असतो, टोल तुमच्याकडून नंतर वळता करतात. निघण्याआधी त्यात पैसे आहेत का ते विचारून घ्या. बंद पडलेल्या टॅगला राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट टोल पडतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टॅग नसला तर थेट दुप्पट. तिथला कारचा एकेरी टोल १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे, म्हणजे विसरण्याची किंमत चांगली ६४०. कॅमेऱ्याचं ई-चलानही मालकाकडे जातं आणि डिपॉझिटमधून कापतात. चलानची तारीख-वेळ आपल्या बुकिंगशी ताडून बघितल्याशिवाय कापणी मान्य करू नका. कधीकधी आधीच्या भाडेकरूचं चलान त्यात असतं.

परत देताना नगर रोडची कोंडी धरून विमानाच्या साडेतीन तास आधी विमाननगरात असा. पेट्रोल तिथेच भरा, पावतीचा फोटो काढा आणि काट्याची एक कांडी जास्तच ठेवा. एक कमी दिसली तर पेट्रोलच्या पैशांवर भरायचा वेगळा आकार लावतात. किल्ली देण्याआधी पुन्हा तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने, आणि गाडी घेणाऱ्याकडून ‘नुकसान नाही’ असं ॲपवर नाहीतर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी ‘ओके सर’ डिपॉझिट परत मागताना कामाला येत नाही.