झाडाखालची फळं वेचणारा तारांचा रोलर: ओकच्या फळांना उत्तम, बीच झाडाच्या फळांना कुचकामी

लांब दांड्याच्या टोकाला तारांचा अंडाकृती पिंजरा. जमिनीवर फिरवला की दाबाने तारा फाकतात, फळ आत शिरतं, तारा मिटतात. कंबर वाकवावी लागत नाही, हा मोठा फायदा.

घेताना पिंजरा केवढा आहे ते नंतर, आधी दोन तारांमधली फट बघा. ती फळाच्या रुंदीहून जराशी कमी हवी. जास्त असली तर आत गेलेलं फळ पुन्हा गळतं, फारच कमी असली तर आत न जाता मातीत रुततं. त्यामुळे सालीसकट काळ्या अक्रोडाला (साधारण ५ सेंमी) मोठा नग आणि ओकच्या फळांना लहान. ‘सगळ्याला एकच’ असं म्हणणारा नग घेऊ नये.

आखूड गवतावर ओकची फळं भराभर भरतात. पांढऱ्या ओकची फळं पडल्यावर शरद ऋतूतच रुजायला लागतात, त्यामुळे हा वेग कामाचा. किडकी फळंही अर्थात आत येतात. पाण्यात टाकून तरंगणारी काढून टाकावीत. हिकरी या अक्रोडाच्या कुळातल्या झाडाच्या फळाची साल चार फाकांत सुटते, त्या फाकाही पिंजऱ्यात येतात आणि निवडत बसावं लागतं. चेस्टनटची काटेरी बोंडं तारांत अडकतात, जाड हातमोजे हवेतच.

बीचसाठी मात्र पैसे घालू नका. फळ तीनधारी, जेमतेम सेंमी-दीड सेंमी. आडवं आत गेलं तरी धारेवर वळून निसटतं. त्यात बीचखाली पाचोळ्याचा थर आणि वर आलेली मुळं, रोलर नुसता उड्या मारतो. त्यापेक्षा बोंडं उकलू लागली की खाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवाव्यात, बोंडं चाळून वेगळी करावीत आणि फळं वाऱ्यावर पाखडावीत. बीचला दरवर्षी भरघोस फळ येत नाही. कमी बहराच्या वर्षी पोकळ फळंच फार. बोटांत दाबलं की चेपतात.

तारा टणक जमिनीवर रेटल्या की वाकतात. पक्कडीने एकदा-दोनदा सरळ होतात, पुढे तिथली फट कायमची रुंदावते. पिंजरा रिकामा करायला बादलीच्या काठावर बसणारी तारेची कडी सोबत आहे ना, ते दुकानातच तपासा. ती नसेल तर प्रत्येक वेळी तारा हाताने फाकवाव्या लागतात, आणि अक्रोडाच्या सालीचा काळपट डाग हातावरून कितीतरी दिवस जात नाही.